पाडव्याच्या तोंडावर न लागलेलं दही: इंदूरच्या एका घरातलं प्रकरण

इंदूरच्या सुदामानगरातलं एक मराठी घर श्रीखंड करून विकतं. वर्षभर काम बेताचंच असतं. पण गुढीपाडव्याच्या आधीचे आठ-दहा दिवस रोज ४० लिटर दुधाचं दही लावावं लागतं. काकूंच्या बोटांना चक्का कळतो, सून ऑर्डरी आणि हिशेब बघते, काका स्कूटरवरून डबे पोचवतात. ऐंशीच्या घरातले आजोबा, म्हणजे काकूंचे सासरे, चव घेऊन साखरेचा निकाल देतात. दूध सांवेरकडच्या एका गावातून येतं, बऱ्याच वर्षांपासून एकाच दूधवाल्याचं. विरजण घरचं, आदल्या दिवसाच्या दह्यातून बाजूला काढलेलं.

पाडवा आठवड्यावर आला आणि एका सकाळी दही लागलंच नाही. रात्री कोमट दुधाला विरजण लावून पातेली झाकून ठेवली होती. सकाळी वर साय आणि खाली जवळपास दूधच. दुसऱ्या दिवशी प्रकार वाढला. काही पातेल्यांत दही अर्धवट धरलं, पण त्यात बुडबुडे होते, चव कडवट होती आणि वास दह्याचा नव्हता. तिसऱ्या सकाळपर्यंत शंभर लिटरच्या वर दूध वाया गेलं होतं आणि फोनवर गिऱ्हाइकं विचारत होती, डबा कधी मिळेल.

याच तीन दिवसांत आजोबांना जुलाब सुरू झाले. घरात साहजिकच निदान झालं: दही बिघडलंय, तेच त्यांच्या पोटात गेलं. त्यांचं दही-ताक बंद केलं गेलं.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत आलोय आणि दूध-दही हा माझ्या आवडीचा भाग, म्हणून ओळखीतून माझ्यापर्यंत हे आलं. प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण घरातल्या सगळ्यांनी बोट दाखवलं ते विरजणाकडे, आणि त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

आळ कोणावर आला

दही लागलं नाही की आपल्याकडे ठरलेले उपाय आहेत आणि ते सगळे करून झाले होते. विरजण दुप्पट घातलं. शेजारून आणलं, मिठाईवाल्याकडून आणलं. पातेली घोंगडीत गुंडाळली. सुक्या मिरच्यांची देठं घातली (यात तथ्य आहे, देठांवर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू असतात, पण ४० लिटरला ती पुरी पडणार नाहीत). कुणीतरी सांगितलं म्हणून पातेली सोड्याने घासून पुन्हा उकळत्या पाण्याने विसळली. उपयोग शून्य.

त्यात एक गोष्ट नकळत उलटी झाली. तिसऱ्या रात्रीचं विरजण काकूंनी दुसऱ्या दिवशीच्या अर्धवट लागलेल्या पातेल्यातून घेतलं, कारण घरचं विरजण मोडायचं नाही हा त्यांचा नेम. याचा परिणाम पुढे दिसला.

दूधवाल्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दूध में कोई गड़बड़ नी है काकीजी, पानी तक नी मिलाया." तो खोटं बोलत नव्हता. पाणी त्याने खरंच घातलं नव्हतं.

पातेल्यात रोज काय घडतं

ताज्या दुधाचा सामू (पीएच; आंबटपणा वाढला की हा आकडा उतरतो) ६.६ ते ६.७ असतो. दह्याचे जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, वापरतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. सामू ४.६ च्या आसपास आला की केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना धरतात, त्यांच्या जाळीत पाणी अडकतं आणि दही लागतं. दही लागलं नाही याचा अर्थ एवढाच की आम्ल पुरेसं तयार झालं नाही. आणि आम्ल झालं नाही, म्हणजे जिवाणू वाढले नाहीत.

बाजारच्या योगर्टमध्ये दोन ठरावीक जाती असतात, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. त्यांना ४२-४३ अंशांची ऊब लागते आणि त्या एकमेकींना पोसतात: बल्गेरिकस प्रथिनं तोडून अमिनो आम्लं मोकळी करते, थर्मोफिलस फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड पुरवते. घरच्या विरजणात याहून मोठी मंडळी नांदतात. साध्या हवामानात वाढणारे लॅक्टोकॉकस, ल्युकोनोस्टॉक, शिवाय थोडंफार यीस्टही. म्हणून प्रत्येक घरच्या दह्याची चव निराळी, आणि म्हणूनच घरचं विरजण सहसा एका फटक्यात मरत नाही.

हा मुद्दा इथे कामाचा होता. चीज करणाऱ्या कारखान्यांत विरजण अचानक बंद पडण्याचं एक प्रसिद्ध कारण म्हणजे बॅक्टेरिओफाज, जिवाणूंना मारणारे विषाणू. १९३५ मध्ये न्यूझीलंडच्या व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी हे दाखवून दिलं. पण फाज नेमक्या एखाद्या जातीवर, बरेचदा तिच्या एखाद्या वाणावरच चालून जातो. एकच वाण वापरणाऱ्या कारखान्याचा त्याने घात होतो. घरच्या मिश्र विरजणात कुणीतरी उरतंच आणि दही उशिरा का होईना लागतं. शिवाय इथे तीन वेगळ्या घरांची विरजणं एकाच वेळी हरली होती. तीन अनोळखी विरजणं एका रात्रीत आजारी पडत नाहीत. त्यामुळे दोष दुधातच शोधायला हवा होता.

फ्रिजमधलं छोटं भांडं

पुरावा घरातच होता, फक्त कुणी त्याच्याकडे पुरावा म्हणून पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी कमी स्निग्धांशाचं सांगितल्यामुळे आजोबांसाठी पिशवीच्या टोन्ड दुधाचं वेगळं दही लागायचं. पहिल्या रात्री त्या छोट्या भांड्यात तेच विरजण गेलं होतं, तोच ओटा, तीच ऊब. ते दही नेहमीसारखं लागलं होतं. जुलाब सुरू झाल्यावर आजोबांनी ते खायचं सोडलं आणि दोन-तीन चमचे दही फ्रिजमध्ये तसंच राहिलं.

मी ते मागितलं तेव्हा सूनबाई म्हणाली, "सर, ते तर बिघडलेलं आहे ना?" मी चाखून दाखवलं. स्वच्छ आंबट, घट्ट, वासही उत्तम.

त्या विरजणाने रात्री काचेच्या बरण्यांत चाचण्या लावल्या. एकीत पिशवीचं दूध, दुसरीत दूधवाल्याचं, तिसरीत दोन्ही निम्मं-निम्मं. सगळं उकळून, सारखंच कोमट करून. सकाळी पिशवीच्या दुधाचा सामू ४.५ होता, दही सुरीने कापता येईल असं. दूधवाल्याच्या दुधाचा ६.३. मिश्रण मधेच अडकलेलं, पातळ दह्यासारखं. मिश्रणाच्या बरणीने जास्त सांगितलं: दूध नुसतं जिवाणूंना पोसायला कमी पडत असतं, तर निम्म्या चांगल्या दुधावर दही सावरलं असतं. म्हणजे दुधात काहीतरी मारक होतं आणि ते निम्मं पातळ करूनही पुरून उरत होतं.

मारक म्हटलं की पहिली शंका भेसळीची. सोडा घालून आंबट होऊ लागलेलं दूध ताजं भासवतात. त्याला रोझॅलिक आम्लाची चाचणी, दूध गुलाबी-लाल होतं. नाही झालं. टिकवण्यासाठी फॉर्मेलिन घालतात. फेरिक क्लोराइडचा अंश असलेल्या सल्फ्युरिक आम्लावर जांभळं कडं उमटतं. नाही उमटलं. दूधवाल्याची बाजू इथे बळकट झाली आणि मला बरं वाटलं, कारण इंदुरात दूध बिघडलं की लोकांचा हात आधी भैयाच्या कॉलरकडे जातो.

उरलं प्रतिजैविक. ते ओळखायची एक जुनी, देखणी युक्ती आहे. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तोडणारं एक विकर (एन्झाइम) काही जिवाणू स्वतःच तयार करतात, पेनिसिलिनेज. एब्राहम आणि चेन यांनी ते १९४० मध्ये नोंदवलं, पेनिसिलिन रुग्णांना सर्रास मिळू लागण्याच्याही आधी. उकळून थंड केलेल्या संशयित दुधात हे विकर घालायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि मग विरजण लावायचं. एरवी न लागणारं दही आता लागलं, तर गुन्हेगार पेनिसिलिनच्या घराण्यातलाच. ओळखीच्या प्रयोगशाळेतून थोडं विकर मिळालं. दुसऱ्या सकाळी त्या बरणीचा सामू ४.७ होता.

काकूंनी बरणी आडवी करून पाहिली आणि म्हणाल्या, "म्हणजे माझं विरजण चांगलं होतं तर."

गोठ्यात

दूधवाल्याकडे काका आणि मी गेलो. आरोप करायला नाही, विचारायला. एका म्हशीला थनैला झाला होता; महाराष्ट्रात याला दगडी किंवा कासदाह म्हणतात. कास सुजलेली, एका सडातून गाठी येत होत्या. औषधाची नळी सडातून आत सोडली होती. त्या सडाचं दूध तो प्रामाणिकपणे फेकत होता. बाकीच्या तीन सडांचं मात्र कॅनमध्ये जात होतं, कारण ते दिसायला चांगलं होतं.

गोम इथेच होती. एका सडात सोडलेलं औषध थोड्या प्रमाणात रक्तात उतरतं आणि तिथून इतर सडांच्या दुधातही येतं. म्हणून नियम असा की उपचार एका सडावर असला तरी त्या जनावराचं सगळं दूध ठरावीक मुदतीपर्यंत बाजूला ठेवायचं. औषधानुसार ही मुदत बहुधा शेवटच्या मात्रेनंतर काही दिवसांची असते आणि वेष्टणावर छापलेली असते. छापलेली असते इंग्रजीत, बारीक अक्षरांत. यावर आणखी काही बोलत नाही. शिवाय धार काढताना हात आणि बादली एकच, तेव्हा फेकलेल्या दुधातलं थोडं कॅनमध्ये गेलंच नसेल असं कोण सांगणार?

किती औषध पुरतं, याचा अंदाज घेऊ. एका नळीत काहीशे मिलिग्रॅम प्रतिजैविक असतं. समजा त्यातलं फक्त १० मिलिग्रॅम ४० लिटरच्या कॅनमध्ये आलं. लिटरमागे २५० मायक्रोग्रॅम झाले. दुधातल्या पेनिसिलिनसाठी आणि अमॉक्सिसिलिनसाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे साठपट. आणि थर्मोफिलस हा जिवाणू पेनिसिलिनला इतका हळवा आहे की त्या मर्यादेच्या आसपासच कुरकुरू लागतो. दूध उकळून काही साधत नाही. घरगुती उकळीने ही औषधं पुरती नष्ट होत नाहीत.

हे एकट्या सांवेरच्या गोठ्याचं दुखणं नाही. एफएसएसएआयने, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१८ मध्ये देशभरातले ६,४३२ दुधाचे नमुने तपासले आणि ७७ नमुन्यांत प्रतिजैविकं मर्यादेपेक्षा जास्त निघाली. त्यात सर्वांत जास्त, २३, मध्य प्रदेशातले होते. टक्केवारी लहान आहे. पण बातम्यांत गाजतं ते युरियाचं आणि पाण्याचं प्रकरण, हे नाही.

आता त्या बुडबुड्यांचं. पेनिसिलिन जिवाणूंची भिंत बांधू देत नाही. दह्याचे सगळे जिवाणू ग्रॅम-पॉझिटिव्ह, जाड भिंतीचे, म्हणून तेच आधी मरतात. ग्रॅम-निगेटिव्ह कोलिफॉर्म, जे शेणातून, हातातून, ओल्या फडक्यातून येतात, त्यांना बाहेरून आणखी एक पडदा असतो आणि इतक्या थोड्या औषधाने त्यांचं फारसं बिघडत नाही. एरवी दही झपाट्याने आंबट होतं आणि त्या आंबटपणातच हे मागे पडतात. इथे पातेलं त्यांच्यासाठी मोकळं झालं. ऊब आयती, साखर आयती, हाकलणारं कुणी नाही. त्यांनी गॅस केला, कडवटपणा आणला. काकूंनी दुसऱ्या दिवशीच्या पातेल्यातून विरजण घेतलं तेव्हा त्यांनी हीच प्रजा पुढे नेली. म्हणूनच चौथ्या दिवशी ऑर्डरी वाचवायला पिशवीचं दूध आणून तेच विरजण लावलं, तर दही लागलं पण फसफसलं. दूध चांगलं असूनही विरजणाने दगा दिला असेल तर तो याच एका दिवशी.

आजोबांचं पोट

आजोबांच्या दाढेला पू झाला होता. दाढ काढून दंतवैद्यांनी अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक आम्ल असलेली ६२५ मिलिग्रॅमची गोळी दिली होती. जुलाब सुरू झाले ते गोळीच्या तिसऱ्या दिवशी. हे कुणी जोडून पाहिलं नाही, कारण दाढ आणि पोट ही दोन वेगळी खाती धरली गेली.

दुधातल्या औषधाने त्यांचं पोट बिघडलं असेल का, असं सूनबाईने विचारलं. प्रश्न रास्त होता, उत्तर नाही असं होतं. एक तर त्यांचं दही पिशवीच्या दुधाचं. दुसरं, गोळीत ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन असतं. वर धरलेल्या हिशेबाने तेवढं औषध पोटात जायला २,००० लिटर दूध प्यावं लागेल. दुधातल्या अंशाचं भय वेगळं आहे. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याला तो त्रास देऊ शकतो, आणि जिवाणूंना औषधाची सवय लागायला हातभार लावतो.

जाता जाता, त्या गोळीतलं क्लॅव्युलॅनिक आम्ल कशासाठी असतं? मी बरणीत घातलेल्या पेनिसिलिनेजसारखी विकरं निकामी करायला. म्हणजे मी बरणीतलं औषध ज्या हत्याराने मोडलं, आजोबांची गोळी त्याच हत्याराच्या विरोधात चिलखत घालून आली होती.

माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. वजन सुमारे २०० ग्रॅम. शरीराच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. हा अंदाज सेंडर, फुक्स आणि मिलो यांनी २०१६ मध्ये मांडला. त्याआधी सगळीकडे "पेशींच्या दसपट जिवाणू" असं लिहिलं जायचं आणि ते वाक्य अजूनही व्हॉट्सॲपवर सुखाने फिरतंय. या वस्तीतल्या कित्येक जाती आपण न पचवू शकणाऱ्या तंतूंपासून ब्युटिरेटसारखी लहान आम्लं करतात, आतड्याच्या अस्तराचं पोषण करतात आणि जागा व्यापून राहतात. हे जागा व्यापणं फार महत्त्वाचं. प्रतिजैविक त्यांना विरळ करतं. तंतू न पचता राहतात, पाणी ओढलं जातं, जुलाब होतात. औषधानुसार ५ ते ३० टक्के रुग्णांना हा त्रास होतो. त्यांतल्या थोड्यांत मोकळ्या जागी क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल हा जिवाणू माजतो. तो विष सोडतो, आणि म्हातारपणी जिवावर बेतू शकतं. ताप, रक्त, पोटात मुरडा किंवा दिवसाकाठी सतत वाढत जाणारे जुलाब असतील तर घरात उपाय करत बसू नये. आजोबांना यातलं काही नव्हतं. त्यांच्या डॉक्टरांनी शौचाची तपासणी करून घेतली, मीठ-साखर-पाणी सांगितलं, गोळ्यांचे उरलेले दोन दिवस पुरे करायला सांगितले. गोळ्या संपल्यावर चारेक दिवसांत पोट ताळ्यावर आलं.

ताक बंद करायची काही गरज नव्हती. पण ताकाने पोटातली वस्ती परत बसते हा समजही खरा नाही. दह्यातले जिवाणू बहुधा आतड्यात बिऱ्हाड करत नाहीत. येतात, वाटेत काम करतात, जातात. ते कामही कमी नाही: ज्यांना दूध पचत नाही त्यांना जिवंत दही पचायला सोपं जातं, कारण जिवाणूंचंच विकर लॅक्टोज तोडून देतं. २०१० मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मान्य केलेल्या मोजक्या दाव्यांपैकी हा एक. स्टॅनफर्डमध्ये २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६ निरोगी माणसांच्या प्रयोगात १० आठवडे भरपूर आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातली विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिनं कमी झाली. पण वाढलेल्या जातींपैकी थोड्याच त्या पदार्थांतून आलेल्या होत्या. नेहमीच्या जेवणात दही-ताक असावं, याला हा चांगला आधार आहे. औषधाने ओसाड झालेली वस्ती उभी करायला नाही.

प्रोबायोटिकच्या कॅप्सुलांचंही तसंच. जुलाब कमी व्हायला त्यांतल्या काही उपयोगी पडतात. सॅकरोमायसिस बोलार्डी हे तर यीस्ट, त्याला प्रतिजैविक लागूच होत नाही. पण २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेच्या प्रयोगात असं दिसलं की प्रतिजैविकानंतर ११ वाणांचं प्रोबायोटिक घेतलेल्यांची मूळ वस्ती परत यायला काहीच न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. लवकर सावरले ते, ज्यांना औषधाआधी साठवलेली स्वतःचीच विष्ठा परत दिली गेली. वारंवार उलटणाऱ्या डिफिसिलच्या आजारात निरोगी माणसाची विष्ठा देण्याचा उपचार २०१३ मध्ये डच डॉक्टरांनी तपासला. १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच वेळी बरे झाले. ऐकून सूनबाईने नाक मुरडलं. आजोबा मात्र म्हणाले, "म्हणजे विरजणच की."

पुढे काय केलं

सगळी जुनी विरजणं फेकली, पातेली-फडकी उकळली. आजोबांच्या भांड्यातल्या उरलेल्या दह्यापासून पिशवीच्या दुधात विरजण वाढवलं. दुसऱ्या दिवशी मोठी पातेली लागली. पाडव्याच्या आधीची बहुतेक मागणी पुरी झाली, काही गिऱ्हाइकांचे पैसे परत करावे लागले. पिशवीच्या दुधाचा चक्का म्हशीच्या दुधाइतका लोण्यासारखा होत नाही, हे काकूंनी प्रत्येक डब्याबरोबर सांगितलं. काकांना ते पटलं नाही.

दूधवाल्याशी बोलणं जास्त अवघड होतं. म्हशीचं दूध आठवडाभर फेकायचं म्हणजे त्याचं नुकसान, आणि नुकसान होणार असेल तर पुढच्या वेळी तो सांगेल कशाला? शेवटी असं ठरलं की नळी सोडली की त्याने फोन करायचा. त्या जनावराचं दूध मुदत संपेपर्यंत वेगळं, आणि त्या दिवसांचे निम्मे पैसे काकूंकडून. काकांना हे उगाच वाटलं. मला हाच या प्रकरणातला सर्वांत कामाचा निर्णय वाटतो, कारण चाचण्या मी रोज येऊन करणार नव्हतो.

त्याखेरीज काकूंनी स्वतःची एक तपासणी सुरू केली. दुपारी आलेल्या दुधातलं वाटीभर उकळून, कोमट करून, त्याला विरजण लावून गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचं. चार-पाच तासांत वाटी धरायला लागली तरच रात्री ४० लिटर लावायचं. बर्फाच्या साच्यात गोठवलेलं विरजण फ्रीजरमध्ये असतं, आणि अर्धवट लागलेल्या दह्यातून विरजण काढायचं नाही असं सूनबाईने ओट्यावर चिकटवलं आहे.

पावसाळ्यात दूधवाल्याचा पहिला फोन आला. म्हैस दुसरी होती.